गादी कुठे टेकते? ऑन-इअर की ओव्हर-इअर, हेडफोन निवडताना

हेडफोनबद्दल सल्ला मागणारा हमखास विचारतो, "आवाज कसा आहे?" मी उलट विचारतो, "एका बैठकीत किती वेळ लावणार?" दुकानात दोन मिनिटं लावून बघितलेला जवळजवळ प्रत्येक हेडफोन बरा वाटतो. त्याची खरी परीक्षा चाळिसाव्या मिनिटाला असते. तोवर कानाच्या वरच्या कडेला ठणका लागला, तर आवाज कितीही सुरेल असो, हेडफोन आधी गळ्यात येतो, मग खुंटीला जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडतो.

मी ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून उतरवून काढण्याचं काम करतो. दिवसाचे चार-पाच तास कानावर काहीतरी असतंच, डोळ्यांवर चष्मा असतो आणि डोक्यावर पुण्याचा एप्रिल-मे. या तिन्हींचा हिशेब न करता एकदा नुसते रिव्ह्यू वाचून चांगला महागाचा हेडफोन घेतला आणि महिनाभरात भावाला देऊन टाकला. त्यात खोट काहीच नव्हती. भाऊ तो आजही वापरतो. फक्त तो माझ्या कानासाठी नव्हता.

फरक एवढाच, पण सगळं त्यातून निघतं

ऑन-इअरची गादी, दुकानदार जिला 'कुशन' म्हणतात ती, थेट कानावर टेकते. ओव्हर-इअरची गादी कानाला वळसा घालून कानाभोवतीच्या डोक्यावर टेकते आणि कान मधल्या पोकळीत मोकळा राहतो. आराम, बेस, बाहेरचा गोंगाट, घाम, बॅगेतली जागा, शेजाऱ्याला होणारा त्रास, या सगळ्यांचा उगम 'गादी कुठे टेकते' या एका गोष्टीत आहे.

बाहेरचा कान म्हणजे मुख्यतः कूर्चा आणि तिच्यावर ताणलेली पातळ कातडी. खालची पाळी सोडली तर त्यात मांसल असं काही नाही. अशा जागेला दाब फार वेळ सोसत नाही. त्यात ऑन-इअरची गादी लहान. तेवढाच जोर लहान जागेवर पडला की दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलं विज्ञान इथे कानाला कळतं. ओव्हर-इअरचा जोर मोठ्या वर्तुळावर पसरतो आणि बराचसा हाडावर जातो, म्हणून वजनाने जड असूनही तो हलका वाटू शकतो.

बेसचंही तेच. खालचे सूर नीट ऐकू यायचे तर हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा आणि कान यांच्यामधली हवा बंदिस्त लागते. फट राहिली की सर्वात आधी डग्ग्याचा घुमारा पळतो आणि उरते ती चाटीची टकटक. कान हा काही सपाट पाट नव्हे, त्याला कडा आहेत, खळगे आहेत. त्याच्यावर टेकलेल्या गादीखाली कुठे ना कुठे फट राहतेच. म्हणून ऑन-इअर बनवणारे एकतर पकड घट्ट ठेवतात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर बेस मुद्दाम फुगवतात. ऑन-इअर कानावर बोटभर पुढे-मागे सरकवून बघा, आवाजाचा रंग बदललेला कळेल. ओव्हर-इअरमध्ये एवढा फरक पडत नाही.

एवढं वाचून ऑन-इअर म्हणजे गरिबाचा ओव्हर-इअर असं वाटायला नको. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तो कानावर नुसत्या टेकणाऱ्या, पातळ स्पंजाच्या हलक्या हेडफोनसह. चालता चालता गाणी ऐकायची सवय जगाला लागली ती त्यांच्यामुळे. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून आजतागायत जवळपास त्याच रूपात विकला जातोय. त्यात एक शहाणपणाची गंमत आहे: कानाच्या वर, कानशिलापाशी टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या आणि दाब कमी-जास्त करायची एक सरकपट्टी. म्हणजे कानावरचा भार थोडा डोक्याकडे ढकलायचा. कान दुखतो हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. आणि सेनहायझरचा एचडी २५, १९८८ चा, हाही ऑन-इअरच, पण पकड इतकी घट्ट की गोंगाटातही आवाज नीट ऐकू यावा. डीजे आणि चित्रीकरणावरचे ध्वनिमुद्रक तो वर्षानुवर्षं वापरत आले. तासन्तास मात्र तो सगळ्यांच्या कानाला सोसत नाही.

पहिली पायरी: पट्टी घेऊन आरशासमोर

शाळेची पट्टी पुरते. तीन मापं घ्या: कान वरपासून पाळीच्या टोकापर्यंत किती उंच, पुढून मागे किती रुंद आणि डोक्यापासून किती बाहेर आलेला. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा ते सात सेंटिमीटर उंच भरतो. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा.

आता ओव्हर-इअर बघताना गादीच्या आतल्या भोकाचं माप बघा. बाहेरच्या घेराचं नव्हे आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या '४० एमएम'चंही नव्हे. तो आकडा आतल्या पडद्याचा म्हणजे ड्रायव्हरचा असतो, कानाला जागा किती त्याचा नाही. लोक हमखास इथे फसतात. स्वस्तातले कितीतरी हेडफोन 'ओव्हर-इअर' म्हणून विकले जातात आणि प्रत्यक्षात गादी कानाच्या कडेवरच बसते. हा प्रकार दोन्हींपेक्षा वाईट. ऑन-इअर निदान कानाच्या मधोमध टेकतो, हा नेमका कडेवर, जिथे सर्वात जास्त दुखतं.

गादी किती खोल आहे तेही बघायला विसरू नका. कान बाहेर आलेले असतील आणि गादी उथळ असेल, तर कानाचं टोक आतल्या जाळीला घासत राहतं. पहिल्या पाच मिनिटांत ते कळत नाही. अर्ध्या तासाने वरच्या कडेला चुरचुरतं. गादी वापराने दबते, म्हणून आज जेमतेम पुरणारी खोली सहा महिन्यांनी अपुरी पडेल असं धरून चाला.

कान मोठे असतील आणि पुरेशी मोठी गादी बजेटमध्ये मिळत नसेल, तर अर्धवट ओव्हर-इअरपेक्षा सरळ हलका ऑन-इअर घ्या. हे मी अनुभवावरून सांगतो.

दुसरी पायरी: चष्मा, कुड्या आणि कानाचं मशीन

हेडफोनच्या जाहिरातीतल्या मंडळींना चष्मा नसतो, कानात काही नसतं आणि केसही जागच्या जागी असतात. आपलं तसं नाही.

चष्मा आधी घेऊ. ओव्हर-इअरची गादी चष्म्याच्या दांडीवरून जाते. दांडी जाड असेल तर गादी तिथे उचलली जाते, फट पडते, बेस गळतो. आणि उलट बाजूने गादी ती दांडी कानशिलावर दाबत राहते. माझ्या त्या महागड्या हेडफोनचं हेच झालं: आवाज छान, पण तासाभरात दोन्ही कानशिलांवर दांडीचे वळ आणि डोकं जड. उपाय तीन. पातळ धातूच्या दांडीचा चष्मा, मऊ आणि जाड गादी, किंवा मखमलीसारख्या कापडाची गादी, जिच्यात दांडी रुतून बसते. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो या स्टुडिओ हेडफोनला तशी गादी असते, आणि ती बदलताही येते.

ऑन-इअर आणि चष्मा यांचं गणित निराळं. दांडी कानाच्या मागून जाते आणि ऑन-इअर कान मागे ढकलतो, म्हणजे कान गादी आणि दांडी यांच्या मध्ये चेपला जातो. काहींना हे बिलकुल जाणवत नाही, काहींना दहा मिनिटांत नको होतं. करून बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि चष्मा काढून बघण्यात तर काहीच अर्थ नाही.

दागिन्यांचा विचार दुकानदार कधीच सांगत नाही. कुड्या असतील तर मागची फिरकी ऑन-इअरच्या दाबाने मानेकडच्या कातडीत रुतते. बुगडी किंवा भिकबाळी असेल तर आणखी वर, कूर्चेवर टोचते. नुकतंच कान टोचलं असेल तर ऑन-इअरचं नावही काढू नका. इथे ओव्हर-इअर सरळ जिंकतो, पण मोठे झुमके असतील तर तेही गादीखाली सापडतात, हे लक्षात असू द्या. अंबाडा घालणाऱ्यांनी वरचा पट्टा मागे सरकवता येतो का ते बघावं. काही पट्टे ठराविक जागीच नीट बसतात.

घरात कुणी कानाचं मशीन वापरत असेल आणि त्यांच्यासाठी हेडफोन बघत असाल, तर ऑन-इअर टाळा. गादी मशीनच्या जवळ दाबली गेली की मशीन शिटी मारायला लागतं. कानामागे बसणाऱ्या मशीनसाठी मोठ्या पोकळीचा ओव्हर-इअर चालू शकतो, पण मशीनचा माइक पोकळीच्या आत आला पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये ब्लूटूथ असतं. ते असेल तर फोनचा आवाज थेट मशीनमध्येच घ्या, वेगळा हेडफोन कशाला?

तिसरी पायरी: कुठे बसून ऐकणार

एका आठवड्याचा खराखुरा हिशेब मांडा. 'मी संगीतप्रेमी आहे' हा हिशेब नव्हे. 'ठाणे ते दादर, रोज जाऊन-येऊन तासभर, बहुतेक वेळ उभा' हा हिशेब.

लोकलमध्ये गर्दीच्या वेळी डोक्याएवढा ओव्हर-इअर घेऊन शिरणं म्हणजे त्याच्या बिजागऱ्यांची परीक्षा घेणं. तिथे घडी होऊन बॅगेत जाणारा ऑन-इअर सोयीचा. एका कानावरून पटकन सरकवला की पुढचं स्टेशन कोणतं तेही ऐकू येतं. पण गाडीचा गडगडाट त्याच्यातून आत येतो, आणि आपण नकळत आवाज वाढवतो. खरा धोका तो.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. लहान मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. म्हणजे गडगडाटावर मात करायला आवाज थोडासाच वाढवला असं वाटतं, तेवढ्यात आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपतो. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन हा त्या अर्थाने कानाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, चैनीचा नाही. गोंगाटातला प्रवास रोज तासाभराहून जास्त असेल आणि बसायला जागा मिळत असेल, तर मी ओव्हर-इअरकडे झुकेन.

इथे नॉइज कॅन्सलिंगचं थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण त्या दोन शब्दांवर निम्मी किंमत उभी असते. हेडफोनमधले माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतली यंत्रणा त्याची उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खातात. हे जमतं ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांना, साधारण १,००० हर्ट्झच्या खाली: पंखा, एसी, विमानाची घरघर, बसच्या इंजिनाचा घोष. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या बाईंचं फोनवरचं बोलणं यांना ती यंत्रणा पुरी पडत नाही. वरच्या पट्टीतला तो आवाज अडवायचं काम गादी करते, म्हणजे पुन्हा आपल्या मूळ प्रश्नापाशी आलो. ओव्हर-इअरची गादी वरचं अडवते, यंत्रणा खालचं. दोघींची जोडी जमते. ऑन-इअरमध्येही नॉइज कॅन्सलिंग मिळतं, जेबीएलच्या ट्यून ६६०एनसीसारखं, पण गादीची साथ अपुरी असल्याने परिणाम मर्यादित राहतो. ऑन-इअरमध्ये केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत.

आता उलटी बाजू. ऑनलाइन शिकवणाऱ्या किंवा दिवसभर मीटिंगमध्ये बोलणाऱ्या माणसाला पूर्ण बंद ओव्हर-इअरमध्ये स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो, आणि तो नकळत ओरडायला लागतो. घरच्यांना विचारा. अशांना हलका ऑन-इअर जास्त मानवतो. दाराची बेल ऐकू येते, दूध उतू जाण्याआधी हाक ऐकू येते. अभ्यासिकेत बसणाऱ्यांचं मात्र याच्या बरोबर उलट. ऑन-इअरमधून आवाज बाहेर झिरपतो आणि शांत खोलीत शेजारच्याला तुमच्या व्याख्यानातला शब्द न् शब्द नाही तरी चिकचिक नक्की ऐकू जाते. तिथे बंद ओव्हर-इअरच हवा. मागून जाळी असलेले उघडे हेडफोन, ज्यांना ओपन-बॅक म्हणतात, ते दिसायला ओव्हर-इअर असले तरी दोन्ही बाजूंनी आवाज सोडतात. तानपुऱ्याची आस, गायकाभोवतीची मोकळी जागा त्यांच्यात फार सुरेख ऐकू येते, पण ते एकट्याच्या खोलीतच.

मुलांसाठी घेत असाल तर त्यांच्या डोक्याच्या मापाचा हलका ऑन-इअर, आवाजावर मर्यादा असलेला. मोठ्यांचा ओव्हर-इअर लहान डोक्यावर घसरतो, फट पडते आणि पोर आवाज वाढवतं.

आणि दुचाकीवर, रस्ता किंवा रूळ ओलांडताना दोन्हींपैकी काहीच नको.

चौथी पायरी: उकाडा आणि पावसाळा

परदेशी रिव्ह्यूंमध्ये याबद्दल फारसं काही नसतं. ओव्हर-इअरच्या बंद पोकळीत कान शिजतो. विदर्भातला मे असो की मुंबईचा ऑक्टोबर, एसी नसलेल्या खोलीत तासाभराने गादी आतून ओली होते. ऑन-इअरमध्ये कान निदान अर्धा उघडा असतो, वारा लागतो.

बहुतेक गाद्यांवर असतं ते कातडं नव्हे, पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर. दमट हवा आणि घाम यांनी तो हळूहळू विघटित होतो. आमच्याकडे एका हेडफोनने दुसऱ्या पावसाळ्यात अशी कात टाकली की रोज कानावर, शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे. घरचे म्हणायचे, कोंडा काळा कसा? कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी हा खर्च धरूनच चालावं. म्हणून घेण्याआधी एक प्रश्न विचारा: या मॉडेलची गादी सुटी मिळते का आणि घरी बदलता येते का? काहींची गादी नुसती ओढली की निघते, काहींची चिकटवलेली असते. चिकटवलेली म्हणजे गादी गेली की हेडफोन गेला. जालीम उन्हाळ्याच्या गावी कापडी किंवा जाळीदार गादी उत्तम. बेस थोडा कमी होतो, कान सुखी राहतो.

पाचवी पायरी: दुकानात वीस मिनिटं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा तुमच्या गावातलं जे दुकान खोकं उघडून दाखवतं ते. विकत ऑनलाइन घ्यायचं ठरवलं असलं तरी कानाला लावून बघायला जा. निदान त्याच जातीचा, त्याच आकाराचा एखादा. दुपारी जा, गर्दी नसताना, म्हणजे दुकानदार घाई करत नाही.

चष्मा, कुड्या, टोपी, रोज जे असतं ते सगळं घालून जा. स्वतःचा फोन न्या, त्यात ओळखीचा आवाज ठेवा. दुकानातला धडधडता नमुना ऐकू नका, तो कुठल्याही हेडफोनवर छान वाटावा असाच निवडलेला असतो. माझ्या फोनमध्ये तीन गोष्टी असतात: तबल्याचं एकलवादन, एका बाईंचं साधं बोलणं आणि तानपुऱ्याचं ॲप. तबल्यात डग्ग्याची मींड ऐकायची. घुमारा लांबतो की मध्येच तुटतो? बोलण्यात 'स' आणि 'श' कानाला टोचतात का ते बघायचं. तानपुऱ्यावर डावा-उजवा कान समान आहे का ते कळतं.

मग ही तपासणी करा, माझ्या लेखी सर्वात मोलाची. गाणं चालू असताना दोन्ही कपांवर तळवे ठेवून अगदी हलकं दाबा. बेस एकदम वाढला तर गादी तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये. फारसा फरक पडला नाही तर बसलीय. ऑन-इअरमध्ये थोडा फरक पडणारच. ओव्हर-इअरमध्ये पडला तर चष्मा किंवा डोक्याचा आकार आड येतोय. नॉइज कॅन्सलिंग असेल तर हे बंद ठेवून आणि चालू ठेवून, दोन्ही वेळा करा.

नंतर वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. मान डाव्या-उजव्या बाजूला वळवा. तोंडातल्या तोंडात काहीतरी चावा, कारण जबडा हलला की कानासमोरची जागा हलते आणि उथळ गादीची पकड सुटते. मग हेडफोन डोक्यावर ठेवूनच दुकानदाराशी दहा मिनिटं गप्पा मारा, किमतीची घासाघीस तेव्हाच करा. तो कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. डोक्याच्या माथ्यावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर तो वजनाचा दोष, कानावर दुखत असेल तर पकडीचा. पकड थोडी सैल करता येते, वजन कमी करता येत नाही.

छापील आकड्यांपैकी कुठले वाचायचे

वजन वाचा. एकाच कंपनीची, एकाच वर्षातली जोडी घेऊ: सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० आणि डब्ल्यूएच-सीएच७२०एन, दोन्ही २०२३ चे. पहिला ऑन-इअर, १४७ ग्रॅम, एका चार्जमध्ये ५० तास. दुसरा ओव्हर-इअर, १९२ ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३५ तास. ओव्हर-इअरमध्ये १९२ ग्रॅम म्हणजे हलकाच. वरच्या किमतीतले २५० ग्रॅमच्या आसपास असतात, आणि ॲपलचा धातूचा एअरपॉड्स मॅक्स तर ३८५ ग्रॅमच्या घरात जातो. पावशेर वजन कपाटावरून उतरवून डोक्यावर पाच तास ठेवायचंय, असा विचार करा.

याच जोडीत आणखी एक फरक दडलाय. सीएच५२० ला तारेची खाच नाही, सीएच७२०एन ला आहे. बॅटरी संपली तरी तार जोडून ऐकायचं असेल, विमानात सीटच्या पडद्याला जोडायचं असेल, किंवा कीबोर्ड वाजवून सराव करायचा असेल, तर ३.५ मिलिमीटरची खाच लागतेच. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. सिनेमात तो सावरून घेतला जातो, सरावात बोटं आणि सूर यांची चुकामूक होते.

'२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' हे बहुतेक खोक्यांवर असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. तारेचा हेडफोन घेत असाल तर ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा बघा. ३२ च्या आसपास असेल तर फोनवर चालतो, २५० असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. दोन उपकरणांना एकदम जोडता येतं का हे घरून काम करणाऱ्यांनी जरूर विचारावं. लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना फोन वाजला की त्याची किंमत कळते.

घडी हा आकडा नाही, पण तोही बघा. बरेच ऑन-इअर घडी होऊन लहान होतात. ओव्हर-इअरमध्ये काही नुसते कप फिरवून सपाट होतात, घडी होत नाही. एसटीच्या प्रवासात पाठीवरच्या सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि सपाट ओव्हर-इअर एकत्र गेले की बाटली जिंकते.

घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

लगेच निकाल देऊ नका, पण परत करायची मुदत कोणती ते कॅलेंडरवर लिहा. कानाला लागणारी वस्तू असल्याने खोकं उघडल्यावर परत घेत नाहीत असं काही दुकानं सांगतात, तर काही ठराविक दिवस देतात. हे पैसे देण्याआधी विचारायचं.

पकड घट्ट वाटत असेल तर डोक्यापेक्षा बोटभरच रुंद होईल अशी पुस्तकांची चळत करून हेडफोन रात्रभर तिच्यावर अडकवून ठेवा. जाडजूड दिवाळी अंक त्यासाठी छान. एकदम जास्त ताणू नका, विशेषतः पट्टा नुसत्या प्लास्टिकचा असेल तर. दोन-तीन रात्रींत फरक पडतो. डोक्यावरच्या पट्ट्याची सरकती पट्टी खाली-वर करण्यातही एक युक्ती आहे: ओव्हर-इअरमध्ये कान भोकाच्या बरोबर मध्ये यायला हवा, आणि ऑन-इअरमध्ये पट्टी एखादी खाच खाली सोडून बघा, म्हणजे दाब वरच्या कडेवरून सरकून मांसल पाळीकडे येतो. माझ्या बहिणीचा ठणका केवळ एवढ्याने गेला.

ऑन-इअर घेतला असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाने काढून कान चोळा, दोन मिनिटं तसाच राहू द्या. ओव्हर-इअर घेतला असेल तर वापरून झाल्यावर लगेच डबीत बंद करू नका. गाद्या कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली उताण्या ठेवा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या. स्पिरिटने गादी पुसू नका, वरचा थर लवकर तडकतो.

आठवड्याभराने स्वतःला एकच गोष्ट विचारा: काल तो मी कंटाळून काढला की काम संपलं म्हणून काढला? कंटाळून काढत असाल आणि मुदत शिल्लक असेल, तर बिल शोधा. मुदत संपली असेल तर आधी वेगळी गादी लावून बघा, ती हेडफोनच्या किमतीच्या मानाने स्वस्तात येते. मी सध्या तेच केलंय: कामासाठी कापडी गादीचा तारेचा ओव्हर-इअर आणि बाहेर पडताना खिशात मावेल असा जुना ऑन-इअर, ज्याचा स्पंज मी दोनदा बदललाय. तिसरा जोड ड्रॉवरमध्ये आणून ठेवलेला आहे.